खोट आणि खोटे : सदोष नाण्यांची पारख

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





नाण्यांवर बोला असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी काही पंडित नव्हे. बँकेत रोखपाल म्हणून माझी सारी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत झाली. बल्लारपूर, आरमोरी, अहेरी अशा ठिकाणी पिंजऱ्यात बसून इतरांचे पैसे मोजणे हा माझा धंदा. पूर्वी नाणी कापडी थैलीतून येत, नंतर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. मोजता मोजता बोटांना सवय झाली आणि एखादे नाणे वेगळे असले की बोट आपोआप थबकू लागले. माझा अभ्यास म्हणतात तो एवढाच. पण सचिव साहेब म्हणाले की, हल्ली मुले मोबाइलवर चित्रफिती पाहून घरातले डबे उपसतात आणि ‘या नाण्याचे लाखो रुपये मिळतील’ म्हणतात, त्यावर कोणीतरी बोलले पाहिजे. मग मात्र मला यावेच लागले. का, ते पुढे सांगतो.

ज्या नाण्याच्या घडणीत टाकसाळीतच काही चूक राहून गेली, त्याला संग्राहक ‘एरर कॉइन’ म्हणतात. आपण त्याला सदोष नाणे म्हणू. टाकसाळीत तपासणी असते, सदोष माल बाजूला काढला जातो. तरीही नाणी कोटींच्या संख्येने घडत असल्यामुळे एखादे निसटून पिशवीत जाते आणि आपल्या खिशात येते. ते शोधणे हा निर्मळ छंद आहे, आणि त्याला भांडवल लागत नाही.

या विषयावर मुलांच्या हाती जे साहित्य पडते ते बहुधा अमेरिकेतले असते. तेथे बँकेत एक सेंटची पन्नास नाणी कागदात गुंडाळून नळकांडीसारखी मिळतात. मुले नळकांडी आणतात, घरी फोडून एकेक नाणे तपासतात आणि उरलेली परत भरतात. आपल्याकडे नळकांडी नाही. आपल्याकडे शंभर नाण्यांची पिशवी असते. शाखेत नोटा देऊन अशी पिशवी मागता येते. तिच्यात कोरी नाणी आहेत की बाजारातून परत आलेली, हे आधी पाहावे. कोऱ्या पिशवीत बरीच नाणी एकाच ठशातून उतरलेली असण्याचा संभव असतो. म्हणून एका नाण्यावर ठशाची भेग दिसली तर बाकीचीही नीट पाहावीत. बाजारातून आलेल्या पिशवीत वीस-तीस वर्षांची भेसळ असते. मला विचाराल तर खरी मौज तिच्यातच आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर आठवडी बाजारांतून जी चिल्लर शाखेत येई, तिच्यात कोणत्या काळाचे नाणे निघेल याचा नेम नसे.

अहेरीला असताना अशाच ढिगात मला दोन रुपयांचे जुने अकरा कडांचे नाणे सापडले. त्यावरची छाप चांगलीच एका बाजूला सरकलेली होती आणि उरलेला भाग सपाट, कोरा होता. मोह झाला हे कबूल करतो. पण तिजोरीतले नाणे म्हणजे अमानत. मी ते व्यवस्थापकांना दाखवले, माझ्या खिशातले दोन रुपये गल्ल्यात टाकले आणि मग ते घेतले. साहेब हसले. म्हणाले, ‘दोन रुपयांसाठी परवानगी कसली मागता?’ पण त्या दिवशी न विचारता उचलले असते तर आज तुमच्यासमोर ते नाणे खिशातून काढताना माझा हात अडखळला असता.

आता चूक कशी घडते ते समजून घेऊ. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड दाबून थोडी उचलून घेतात. मग ती चकती यंत्रात दोन ठशांच्या मध्ये बसते आणि तिला चारी बाजूंनी एक पोलादी कडे धरून ठेवते. ठसे जोराने दाबले जातात आणि एकाच दाबात छापा, काटा व कड तिन्ही उमटतात. हे क्षणभराचे काम आहे. आता यातले काय काय चुकू शकते ते पाहा. पट्टी नीट पुढे सरकली नाही तर कापणी आधीच्या भोकावर येते आणि बोराचा घास घ्यावा तशी चकतीची एक बाजू उडते. चकती जागेवर बसली नाही तर छाप सरकते. धरणारे कडे वर आले नाही तर नाणे पसरते, आकाराने मोठे होते आणि कडेचे दाते उमटत नाहीत. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्या चिकटलेल्या नाण्याची उलटी, आत दबलेली प्रतिमा उठते, आरशात पाहिल्यासारखी. याला ‘ब्रोकेज’ म्हणतात आणि नवशिक्याला ते पाहून हमखास आश्चर्य वाटते.

ठसा कलला तर छापा आणि काटा यांची दिशा जुळत नाही. ही परीक्षा आत्ता घरी जाऊन कोणीही करावी. पाच रुपयांचे नाणे सिंहमुद्रा सरळ ठेवून दोन बोटांत वरच्या-खालच्या कडांवर धरा आणि पुस्तकाचे पान उलटतो तसे उलटा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. तिरपी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरला होता. येथेही अमेरिकेचे पुस्तक फसवते. तिकडच्या नाण्यांच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट असतात, त्यामुळे तो नियम लावला तर आपल्या देशातले प्रत्येक नाणे सदोष ठरेल! मागे एक विद्यार्थी असा सबंध डबा भरून ‘दुर्मिळ’ नाणी घेऊन आला होता.

आणखी एक खूण लक्षात ठेवा, हिचा उपयोग फार. ठशाला भेग पडली की दाबाखाली धातू त्या भेगेत शिरतो. म्हणून नाण्यावर ती भेग उंच रेघ होऊन येते. नखाला लागते. बाहेर कोणी खिळ्याने ओरखडले तर रेघ खोल जाते. उंच रेघ टाकसाळीची, खोल रेघ बहुधा बाजाराची.

माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नात येते. नाण्याकडे पाहताना ‘हे वेगळे आहे का’ हे विचारू नका, ‘हे कोठे घडले’ ते विचारा. टाकसाळीत घडले तर ती खोट. टाकसाळीबाहेर घडले तर ते नुसते नुकसान. आणि ते नुकसान कोणी खोट म्हणून विकत असेल तर तो खोटेपणा. आपल्या भाषेत हे दोन्ही शब्द किती जवळ आहेत पाहा. माणूस तेवढ्यातच फसतो.

घास घेतलेले नाणे खरे की कानसीने कापलेले? घासाच्या बरोबर समोरची कड पाहा. खऱ्या नाण्यात ती फिकी, दबलेली असते. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती फिरते तेव्हा एका बाजूला धातूच नसतो, म्हणून समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही. कानसवाल्याला हे करता येत नाही. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला पांढरा भाग ठोकून काढून नुसती पिवळी कडी ‘मिंट एरर’ म्हणून विकतात. भिंगाखाली कडीच्या आतल्या बाजूला ठोकल्याचे ओरखडे दिसतात. दोन्ही बाजूंना एकच छाप असलेले नाणे तर ‘शोले’ चित्रपटाने १९७५ पासून घरोघरी पोहोचवले. असली नाणी बहुतेक वेळा कातारी यंत्रावर एक पोखरून आणि दुसरे त्यात बसवून केलेली असतात. कडेच्या आतल्या बाजूने भिंग फिरवा, सांधा दिसतो. फरशीवर टाका, आवाज बद्द येतो. वजनही करा. सोनाराच्या काट्यावर कोणीही दोन मिनिटांत करून देतो. अकरा कडांचे दोन रुपये ६ ग्रॅम, जुने पांढरे जाड पाच रुपये ९ ग्रॅम, दहा रुपये ७.७१ ग्रॅम. झिजेने थोडा फरक पडतो, पण पोखरण्याचा आणि कानशीचा फरक लपत नाही. लोहचुंबकही जवळ असावे. पोलादी एक-दोन रुपये त्याला चिकटतात, जुनी तांबे-निकेलची चिकटत नाहीत.

काही गोष्टी मुळीच खोट नसतात, तरी लोक त्यांना खोट समजतात. वर्षाखाली चौकट असली की मुंबई, पंचकोनी तारा असला की हैदराबाद, बारीक गोल ठिपका असला की नोएडा आणि काहीच नसले की कोलकाता. या टाकसाळींच्या खुणा आहेत. १९८५ च्या एक रुपयावर इंग्रजी ‘एच’ दिसला तर ते नाणे इंग्लंडातील बर्मिंगहॅमला, हीटनच्या टाकसाळीत घडले. त्या काळी नाण्यांची टंचाई असल्याने काही नाणी बाहेरून करून घ्यावी लागली होती. सिरोंचाच्या दुकानदाराने मला एकदा तारा दाखवून विचारले, ‘हा शिक्का खोटा तर नाही?’ मी म्हटले, बाबा, नदी ओलांडली की तेलंगणच. ज्या टाकसाळीचा हा तारा आहे ती तुमच्याच बाजूची.

दहा रुपयांच्या नाण्याचे तर काय सांगावे! एकावर रुपयाचे चिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही. एकावर दहा रेषा, दुसऱ्यावर पंधरा. तेवढ्यावरून अफवा उठली आणि आमच्या बाजारांत भाजीवाल्या बायांची दहाची नाणी कोणी घेईना. खरे म्हणजे रुपयाचे चिन्हच २०१० साली ठरले, तेव्हा आधीच्या नाण्यांवर ते असणार कोठून? जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की तोवर निघालेले चौदाही प्रकार चलनात वैध आहेत. तरी अजून कोठे कोठे ते घेत नाहीत. अज्ञानाची किंमत त्या बाईने का द्यावी?

आता प्रतवारी. खोट कितीही मोठी असली तरी नाणे झिजलेले असेल तर किंमत उतरते. जे हाती फिरलेच नाही ते ‘अनसर्क्युलेटेड’. त्याखाली ‘एक्स्ट्रा फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘फाइन’ अशा पायऱ्या. परदेशात १ ते ७० असे गुण देतात. ही पद्धत डॉ. शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी काढली होती. घरी पाहताना सर्वांत उंच भाग पाहावा, कारण झीज तेथून सुरू होते. आपल्या नाण्यावर मधल्या सिंहाची आयाळ आणि छाती पाहा. केस वेगळे दिसतात की सपाट झाले? आणि सपाट असले तर चमक आहे का? चमक असून सपाट असेल तर ठसा नीट दाबला गेला नसेल. चमक जाऊन सपाट असेल तर ती झीज. छाप सरकलेल्या नाण्यात साल दिसत असेल तर मागणी जास्त. आणि मुलांनो, आपल्याच नाण्याची प्रत ठरवताना एक पायरी खालची लिहावी. आपले मूल आणि आपले नाणे, दोन्ही आपल्याला जरा जास्तच देखणी दिसतात.

नाणे धुऊ नये. हे मी स्वतः नुकसान करून शिकलो. राजुऱ्याला माझे आजोळ. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यात होता आणि आजीच्या पेटीत चारमिनारचा हाली सिक्का होता, काळपट झालेला. मी दहा वर्षांचा असेन. चिंच आणि राख लावून तासभर घासला आणि आरशासारखा करून आजीला दाखवला. आजी खूश झाली, मीही खूश. पुढे जाणत्या माणसाला दाखवला तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘घासला कोणी?’ कित्येक वर्षांत चढलेली काळसर झिलई मी तासाभरात काढली होती, ती परत येत नसते. नाणे कडेने धरावे, कागदी पाकिटात ठेवावे. मऊ प्लास्टिकच्या खिशांत ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यात हिरवी चिकट बुरशीसारखी घाण धरते.

चूक असलेल्या नाण्यांतून ज्ञानही मिळते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात सातवाहन राजांच्या मिश्र धातूच्या नाण्यांचा साठा सापडला. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. सातवाहनांच्या अशा नाण्यांत चकती लहान आणि ठसा मोठा असे पुष्कळदा होते, म्हणून राजाचे पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच मावते. एकावर पहिली अक्षरे, दुसऱ्यावर शेवटची. अनेक नाणी शेजारी ठेवून पंडितांनी पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशी नावे जुळवून वाचली. साठा कोणी मोडून दहा घरांत वाटला असता तर ही जुळणी कशी झाली असती? म्हणून शेतात नांगराला किंवा घराच्या पायात हंडा लागला तर तो वाटून घेऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आजचे नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हाही २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे.

आता मी आज का आलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका गावातून एक मुलगा माझ्याकडे आला. वडील आठवडी बाजारांत बांगड्या विकतात. मुलाच्या हातात दहाचे नाणे, मधला भाग किंचित एका बाजूला सरकलेला. ‘चाचा, हे काय आहे?’ मी भिंग लावले, आनंद झाला आणि म्हणालो, ‘वा बेटा! दुर्मिळ आहे, जपून ठेव.’ एवढेच. किंमत सांगितली नाही. खरे तर कोणी हौशी माणूस त्याचे शे-दोनशे रुपये देता, त्याहून अधिक नाही.

मुलाने नाण्याचे छायाचित्र मोबाइलवर कोठेतरी टाकले. आठवड्यात वडिलांना फोन आला. ‘तीन लाख देतो. फक्त नोंदणीचे दीड हजार पाठवा.’ मग कराचे पैसे, मग पार्सलच्या विम्याचे. शेवटी रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले एक खोटे पत्रही आले. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले अठरा हजार रुपये गेले, मग फोन बंद झाला. बाप माझ्या दारात येऊन बसला. रागावला नाही. म्हणाला, ‘फोनवाल्यावर माझा विश्वास नव्हता साहेब. पण तुम्ही दुर्मिळ म्हणाला होता.’

त्या एका शब्दाला मी जबाबदार आहे. शब्द खरा होता, पण अर्धा होता. त्या मुलीचा प्रवेश पुढे झाला, कसा झाला ते सांगण्याची ही जागा नव्हे. मात्र तेव्हापासून कोणी नाणे दाखवले की मी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून देतो. खोट कोणती, प्रत कोणती आणि आज कोणी देईल अशी किंमत किती. पुष्कळदा तिसऱ्या रकान्यात नाण्यावरचीच किंमत असते. मुलांचे चेहरे उतरतात. उतरू देत.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूचना काढली की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाही. विकत घेणारा आपल्याला पैसे देतो. जो आपल्याकडूनच आधी पैसे मागतो तो ग्राहक नव्हे. वैष्णोदेवीच्या चित्राची पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखाला जातात, ही त्यांच्यातलीच एक थाप आहे. ती २०१२ ची स्मारक नाणी असून बाजारात सर्रास मिळत. फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. पहिल्या तासात कळवले तर पैसे अडवण्याचा संभव असतो. त्या बांगडीवाल्याने मला सांगायला बारा दिवस लावले होते, शरमेने.

मोठी खोट सामान्य माणसाच्या हाती लागतच नाही असे मात्र नाही. १९५५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत एक ठसाच दुहेरी उमटला आणि त्यातून निघालेल्या सेंटांवरची अक्षरे व साल दोनदा दिसू लागले. चूक ध्यानात आली तोवर ती नाणी इतर ढिगात मिसळली होती, म्हणून तशीच सोडली. त्यांतली कित्येक सिगारेटच्या यंत्रांतून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत सुट्ट्या पैशांबरोबर लोकांना मिळाली. ज्यांनी नीट पाहिले त्यांनी ठेवून घेतली, बाकीच्यांनी खर्च केली. आपल्याकडे असा ठसा सापडणारच नाही असे कोण म्हणेल? पण त्यासाठी हजारो नाणी पाहावी लागतील, आणि पाहणे हाच आनंद असेल तरच ते जमेल. मी नोकरीत लाखो नाणी मोजली. ठेवून घेण्यासारखी एकोणीस निघाली.

ती एकोणीस नाणी आज बाहेर व्हरांड्यातल्या टेबलावर मांडली आहेत. शेजारी भिंग, लोहचुंबक आणि छोटा काटा आहे. त्यांतली दोन मी मुद्दाम खोटी ठेवली आहेत. कोणती, ते सातवी ते दहावीच्या मुलांनी ओळखून चिठ्ठीवर लिहावे, कारणासह. घरून कोणी नाणे आणले असेल तर तेही दाखवावे, फी काही नाही. उद्या दुपारपर्यंत मी येथेच आहे. उद्या येणाऱ्यांनी कृपा करून नाणी धुऊन आणू नयेत.